मूळ प्रत कोणती? मुद्रितशोधनाकडून सॉफ्टवेअर दस्तऐवजीकरणाकडे : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत घडले. त्यातील मुख्य व्यक्तीचा उल्लेख पुढे ‘लेखिका’ असा केला आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय जसे होते तसेच ठेवले आहेत. त्या काळात मी त्याच कंपनीत दस्तऐवजीकरणाच्या, म्हणजे सॉफ्टवेअर कसे वापरायचे हे सांगणाऱ्या पुस्तिका लिहिणाऱ्या, तीन जणांच्या गटाचा प्रमुख होतो; त्यामुळे जे बिघडले त्यात माझाही वाटा आहे, आणि तो योग्य त्या जागी येईलच.

इंग्रजी विषयात एम.ए. केल्यानंतर लेखिकेने नऊ वर्षे अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका पाठ्यपुस्तक प्रकाशकाकडे मुद्रितशोधनाचे काम केले होते. मोबदला पानाच्या दराने मिळत असे. 2020 आणि 2021 मध्ये शाळा बंद राहिल्या, मार्गदर्शक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघेनाशा झाल्या आणि पानेच येईनाशी झाली, तेव्हा वयाच्या 36व्या वर्षी त्यांनी शनिवार-रविवारचा तीन महिन्यांचा तांत्रिक लेखनाचा वर्ग लावला. त्या वर्गात पुस्तिका तयार करण्याची फ्रेममेकर व रोबोहेल्प ही सॉफ्टवेअर आणि डिटा शिकवली गेली. डिटा ही आयबीएममध्ये तयार झालेली आणि 2005 साली ओएसिस या संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेली रचना आहे. तिच्यात मजकूर संकल्पना, कृती आणि संदर्भ अशा स्वतंत्र तुकड्यांत लिहिला जातो. तुकडे कसे करायचे आणि त्यांना खुणा कशा लावायच्या, हे वर्गात नीट शिकवले होते. तुकड्यात भरायचा मजकूर येतो कोठून आणि तो खरा आहे हे कसे ठरवायचे, याबद्दल एकही तास झाला नव्हता.

आमच्या कंपनीचे उत्पादन औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी होते : साठा, बॅच क्रमांक, मुदत संपण्याच्या तारखा, बिले. ते वापरणारे बहुतेक जण संगणकशास्त्र शिकलेले नव्हते. दुकानातला एखादा ऑपरेटर फोन कानाला लावूनच आमची पुस्तिका उघडत असे. लेखिका एका मनुष्यबळ पुरवठादार कंपनीमार्फत सहा महिन्यांच्या करारावर आल्या. रोज कोथरूडहून हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कपर्यंत कंपनीच्या बसने येणे-जाणे होते.

मुलाखतीत मी त्यांना दोन पानांचा मजकूर दिला होता आणि त्यात मुद्दाम बारा भाषिक चुका पेरल्या होत्या. त्यांनी बाराही शोधल्या, शिवाय माझ्या नजरेतून सुटलेल्या आणखी दोन दाखवल्या. त्याखेरीज त्यांनी विचारले की पहिल्या पानावर बटणाचे नाव ‘सेव्ह’ आहे आणि दुसऱ्यावर ‘सबमिट’, तर खरे कोणते? मी म्हटले, ‘सेव्ह’. त्यांनी ‘सबमिट’वर काट मारली आणि समासात ‘सेव्ह’ लिहिले. शेजारच्या टेबलावर तेच उत्पादन संगणकावर उघडे होते. त्याकडे त्यांनी पाहिले नाही आणि मीही त्यांना पाहायला सांगितले नाही. त्या दिवशी मी फार खूश होतो. पुढच्या सगळ्या प्रकरणाचे बीज त्या एका मिनिटात होते, हे मला काही महिन्यांनी कळले.

समस्या

लेखिकेच्या वाट्याला आलेल्या दुसऱ्या रिलीजमध्ये (उत्पादनाच्या नव्या आवृत्तीत) ‘बॅकअपवरून माहिती परत आणणे’ हे प्रकरण नव्याने लिहायचे होते. आमच्याकडे प्रत्येक लेखनकामाचे एक टिकेट, म्हणजे संगणकावरची नोंद, असे आणि त्यात ‘सोर्स’ नावाचा एक रकाना असे, ज्यात इंजिनिअरने दिलेले टिपण जोडलेले असायचे. या वेळचे टिपण दोन पानांचे होते. लेखिकेने त्यातून 14 पायऱ्यांचे, काना-मात्रेचीही चूक नसलेले सुबक प्रकरण तयार केले. ते तपासणीसाठी पाठवल्यावर चार मिनिटांत इंजिनिअरचा ‘ओके’ आला. त्यानंतर माझा आला.

घोटाळा काय झाला, ते समजण्यासाठी थोडा तांत्रिक तपशील आवश्यक आहे. आमचे उत्पादन पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालत असे. त्यात बॅकअपवरून माहिती परत आणण्यासाठी ‘पीजी-रिस्टोअर’ ही आज्ञा वापरतात, आणि तिला ‘क्लीन’ हा पर्याय जोडला तर ती आधी अस्तित्वात असलेली टेबले (नोंदींचे तक्ते) पुसून टाकते आणि मग बॅकअपमधली टेबले नव्याने उभी करते. म्हणजे बॅकअप काल रात्रीचा असेल, तर आज सकाळपासून केलेल्या नोंदी जातात. इंजिनिअरच्या टिपणात ही आज्ञा मध्यावर होती, आणि अगदी शेवटी, जणू जाता जाता आठवल्यासारखे, एक वाक्य होते : हे करण्यापूर्वी सेवा (म्हणजे चालू असलेले उत्पादन) बंद करावी आणि ताजा बॅकअप घ्यावा. लेखिकेने टिपणाशी इमान राखले. आज्ञा सहाव्या पायरीत आली आणि ते वाक्य चौदाव्या पायरीनंतर ‘टीप’ म्हणून चौकटीत गेले.

रिलीजनंतर तिसऱ्या आठवड्यात एका व्यापाऱ्याच्या ऑपरेटरने भर दुपारी पायऱ्या एकापाठोपाठ एक करत नेल्या. सहाव्या पायरीलाच त्या दिवसाची सगळी बिले गेली. टीप वाचण्यापर्यंत तो पोहोचला तेव्हा ती वाचून काही उपयोग नव्हता. कागदी कार्बन प्रतींवरून बिले पुन्हा चढवायला त्यांना दोन दिवस लागले आणि आमच्या सपोर्टच्या मुलांनी त्या दोन दिवसांत जे ऐकले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

सोमवारच्या बैठकीत इंजिनिअरिंगने सांगितले की पुस्तिका चुकीची आहे. लेखिकेने टिपण पुढे ठेवले. शब्द न् शब्द त्यातलाच होता. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे होते. मग व्यवस्थापनाने मला विचारले की पुढच्या महिन्यात संपणारा करार वाढवायचा आहे का.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय उघड होता : करार संपू द्यायचा आणि संगणकशास्त्राची पदवी असलेला लेखक शोधायचा. या पर्यायाचे समर्थक बैठकीत बहुसंख्य होते. माझी अडचण अशी होती की त्याआधीच्या चार वर्षांत मी असे दोघे घेतले होते आणि दोघेही वर्षभराच्या आत प्रोग्रामिंगकडे परत गेले होते. लेखन ही त्यांच्या दृष्टीने वाटेवरची धर्मशाळा होती.

दुसरा पर्याय मला स्वतःला आवडला होता, आणि तो चुकीचा होता. लेखिकेकडे फक्त संपादन द्यायचे, इतरांनी लिहिलेले त्यांनी स्वच्छ करायचे. त्यांच्या हाताला ते काम सवयीचे होते आणि धोका शून्य होता. पण ज्याचे काम केवळ भाषा नीट करणे एवढेच उरते, त्याची या क्षेत्रातली जागा आधीच डळमळीत होती. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यावर तर कोणताही इंजिनिअर आपले ओबडधोबड टिपण अर्ध्या मिनिटात गुळगुळीत इंग्रजीत आणू लागला. मी त्यांना सुरक्षित कोपरा म्हणून जे देऊ पाहत होतो, तो कोपराच सर्वांत आधी ढासळणार होता.

तिसरा पर्याय प्रशिक्षणाचा होता : पायथन किंवा डेटाबेसचा एखादा अभ्यासक्रम. याला कोणाचा विरोध नव्हता, कारण त्यात कोणालाच काही बदलावे लागत नव्हते.

निर्णय फिरला तो लेखिकेच्या एका वाक्याने. बैठकीनंतर कॅन्टीनमध्ये आम्ही दोघेच होतो. मी सांत्वन करायच्या बेतात होतो, पण त्या रडतही नव्हत्या आणि चिडलेल्याही नव्हत्या. त्या हिशेब लावत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, प्रेसमध्ये आम्ही दोघी बसायचो. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसरीनं प्रूफ बघायचं. लेखकानंच चुकीचं लिहिलं असेल तर तो दोष आमच्याकडे यायचा नाही, कारण मूळ प्रत त्याची. इथं मी तुमचा ‘सोर्स’ रकाना मूळ प्रत धरला. ती मूळ प्रत नव्हतीच. मग मूळ प्रत कोणती?”

मी तेरा वर्षे या व्यवसायात होतो आणि हा प्रश्न या शब्दांत मला कोणी विचारला नव्हता. उत्तर अर्थातच असे होते की मूळ प्रत म्हणजे चालू सॉफ्टवेअर. इंजिनिअरचे टिपण ही त्या प्रतीची कोणीतरी घाईत केलेली नक्कल असते. लेखिका ताडून पाहण्याच्या कामात नऊ वर्षे मुरलेल्या होत्या. आम्ही त्यांना ताडण्यासाठी चुकीची गोष्ट दिली होती. यातून चौथा पर्याय निघाला : त्यांना स्वतंत्र चाचणी यंत्र द्यायचे आणि लेखकाने स्वतः करून पाहिल्याशिवाय एकही पायरी प्रसिद्ध करायची नाही, असा नियम घालायचा. त्याला वेळ लागणार होता, आणि इंजिनिअरिंगचे सहकार्यही लागणार होते, जे त्या आठवड्यात आमच्याकडे फारसे शिल्लक नव्हते. मी सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली आणि ती, थोड्या नाखुशीने, मिळाली.

प्रत्यक्ष कृती

चाचणी यंत्र मिळवायलाच अकरा दिवस गेले. परवान्याचे कारण सांगितले गेले, मग सुरक्षेचे. शेवटी मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक, उभे करून दिले. त्याची मूळ स्थिती साठवून ठेवता येते आणि काहीही बिघडले तरी एका क्लिकमध्ये परत जाता येते, हे समजल्यावर लेखिकेची भीती गेली. बिघडवण्याची मुभा मिळणे ही या कामातली किती मोठी गोष्ट आहे, हे करारावर काम करणाऱ्या माणसालाच कळते.

त्यांनी सुरुवात बॅकअपच्या प्रकरणापासून केली नाही. आमच्या जुन्या, ‘सिद्ध’ मानल्या गेलेल्या इन्स्टॉलेशनच्या प्रकरणापासून केली. तिसऱ्या पायरीलाच गाडी अडली, कारण उत्पादनाला लागणारे जावा हे सॉफ्टवेअर आधीपासून बसवलेले आहे असे ती पायरी न सांगता गृहीत धरत होती. त्यांनी एक दोनशे पानी वही केली, पानाचे उभे दोन भाग केले, डावीकडे ‘पुस्तकात’ आणि उजवीकडे ‘पडद्यावर’ असे मथळे दिले. मजकूर निळ्या शाईत आणि फरक लाल शाईत, समासात मुद्रितशोधनाच्या त्याच जुन्या खुणा. तीन आठवड्यांत वहीत 41 फरक जमा झाले. त्यांतले काही किरकोळ होते, बटणांची बदललेली नावे वगैरे. सात असे होते की वाचणारा तिथे थांबलाच असता.

मग बॅकअपचे प्रकरण. टिपणातली आज्ञा त्यांनी नव्या, रिकाम्या डेटाबेसवर चालवली तेव्हा पडद्यावर ‘टेबल अस्तित्वात नाही’ अशा ओळींची रांग लागली. इंजिनिअरांनी हे कधी पाहिलेच नव्हते, कारण त्यांच्या यंत्रांवर टेबले नेहमीच असत. पण ज्या व्यापाऱ्याचा संगणक जळाला आहे आणि ज्याने नवा आणला आहे, त्याला हेच दिसणार होते, आणि बॅकअप मिळवण्याची खरी गरज तर त्यालाच असते. यापूर्वी लेखिका इंजिनिअरला लिहीत असत, “कृपया मजकूर बरोबर आहे का ते पाहावे.” आता त्यांनी लिहिले, “रिकाम्या डेटाबेसवर सहावी पायरी केल्यावर पुढील ओळी येतात. त्या अपेक्षित आहेत का? असल्यास ग्राहकाला त्या दिसू नयेत यासाठी काही करता येते का?” पहिल्या प्रश्नाला ‘ओके’ हे उत्तर पुरते. दुसऱ्याला पुरत नाही. इंजिनिअर स्वतः त्यांच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “मॅडम, या ओळी निरुपद्रवी आहेत, पण ‘इफ-एक्झिस्ट्स’ हा पर्याय जोडला तर त्या येणारच नाहीत.” तो पर्याय त्याच दिवशी आज्ञेत जोडला गेला.

प्रकरणाची मांडणीही बदलली. विमान उद्योगात देखभाल पुस्तिकांसाठी ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाचे एक मानक वापरतात. त्यात कृतीचे वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचे असावे आणि इशारा वाचणाऱ्याला दिलेल्या स्पष्ट सूचनेने किंवा अटीने सुरू व्हावा, असे नियम आहेत. आम्ही ते मानक पूर्ण स्वीकारले नाही, औषधाच्या दुकानाला ते जड झाले असते, पण हे दोन नियम उचलले आणि इशारा धोक्याच्या पायरीच्या आधीच येईल हा तिसरा स्वतःचा जोडला. नव्या प्रकरणात सेवा बंद करणे ही पहिली पायरी झाली, ताजा बॅकअप घेणे ही दुसरी. सहाव्या पायरीच्या डोक्यावर चौकट आली : “थांबा. पुढची पायरी आजची बिले पुसते. दुसऱ्या पायरीतली फाइल तयार झाली आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.” अखेरीस एक अशी पायरी आली जी टिपणात नव्हतीच : शेवटच्या बिलाचा क्रमांक पाहा आणि तो तुमच्या कागदी प्रतीशी ताडून घ्या. काम झाले हे वाचणाऱ्याला कळायचे कसे, हा प्रश्न इंजिनिअरला पडत नाही. त्याला ते दिसत असते.

याच सुमारास आमचा गट वर्डच्या फाइली सोडून मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर लिहिण्याची पद्धत) आणि गिट (फाइलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन) यांच्याकडे वळला. लेखिकेला गिटची धास्ती होती, पण महिनाभरात ती ओसरली. दोघांच्या दुरुस्त्या एकाच ओळीवर आल्या की गिट थांबते आणि कोणती ठेवायची ते विचारते. दोन प्रुफांवरच्या दुरुस्त्या एका प्रतीवर उतरवण्याचे काम त्यांनी शेकडो वेळा केले होते, त्यामुळे जिथे तरुण मुले गडबडत तिथे त्या शांत असत.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. ‘प्रत्येक पायरी करून पाहायची’ हा नियम शब्दशः पाळल्यामुळे पुढच्या रिलीजची पुस्तिका दोन आठवडे उशिरा निघाली आणि मला पुन्हा त्याच बैठकीत उभे राहावे लागले. तेव्हा आम्ही नियमाला उतरंड लावली. जे काही पुसते, बदलून टाकते किंवा पैशाचा हिशेब हलवते, ते प्रत्येक रिलीजला करून पाहायचे, बाकीचे आळीपाळीने. हा व्यवहार आधीच ठरवायला हवा होता.

निष्पत्ती

कराराला दोनदा मुदतवाढ मिळाली, पण कायम नोकरी मिळाली नाही. त्या वर्षी भरती गोठवलेली होती आणि माझ्या शिफारशीला वजन नव्हते. दीड वर्षाने लेखिका खराडीच्या एका कंपनीत एपीआयचे (एका प्रोग्रामने दुसऱ्याला विनंती पाठवून माहिती मागण्याच्या सोयीचे) दस्तऐवज लिहिण्यासाठी कायमच्या पदावर रुजू झाल्या. तिथल्या मुलाखतीसाठी त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हते, कारण आमच्या पुस्तिका ग्राहकांच्या लॉगिनमागे होत्या आणि गोपनीयतेचा करार झालेला होता. म्हणून त्यांनी दोन महिने आधी एका मुक्तस्रोत प्रकल्पाचे इन्स्टॉलेशनचे पान करून पाहिले, त्यात अडलेल्या चार जागा दुरुस्त करून पाठवल्या, आणि त्या स्वीकारल्या गेल्याचा दुवा अर्जाला जोडला. मुलाखतीत त्यांना एक एपीआय दिला गेला आणि त्याचे पान लिहायला सांगितले. त्यांनी आधी विचारले की हा मी चालवून पाहू शकते का. वेगाने दहा-बारा विनंत्या पाठवल्यावर 429 हा क्रमांक परत आला, म्हणजे विनंत्या मर्यादेपेक्षा जास्त झाल्या. दिलेल्या टिपणात या मर्यादेचा उल्लेखच नव्हता. निवड त्याच मुद्द्यावर झाली, असे त्यांनी मला नंतर सांगितले.

आमच्या बाजूला बॅकअपसंबंधीचे फोन कमी झाले, असे सपोर्टचे म्हणणे होते. आकडा देता येत नाही, कारण आधीची मोजणी आम्ही ठेवली नव्हती. कायम पदासाठी व्यवस्थापनाशी बोलताना माझ्या हातात काही नव्हते, त्याचे हेही एक कारण.

वेगळे काय करता आले असते

मुलाखतीची परीक्षा मी नंतर बदलली. आता उमेदवाराला मजकुराबरोबर चालू उत्पादनही देतो आणि चुका मजकुरात व पडद्यावर अशा दोन्हीकडे ठेवतो. कोण पडद्याकडे वळतो, एवढेच पाहतो. टिकेटातल्या ‘सोर्स’ रकान्याचे नावही बदलून ‘टिपण’ केले. एका शब्दाने काही महिने दिशाभूल केली होती. तपासणीत ‘ओके’ चालेनासे केले : तपासणाऱ्याने कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या पायरीपर्यंत स्वतः करून पाहिले, ते लिहावे लागते.

लेखिकेने पहिल्याच आठवड्यात चाचणी यंत्र मागायला हवे होते का? मी हा प्रश्न त्यांना विचारला आहे. त्यांचे उत्तर असे, की करारावरचा माणूस पहिल्या महिन्यात फक्त बसायची जागा आणि बसचा पास मागतो. हे उत्तर मला मान्य आहे, आणि म्हणूनच यंत्र देण्याची जबाबदारी माझी होती असे मी मानतो.

सर्वांत उशिरा सुचलेली गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाचीच नव्हती, ती लेखिकेची होती. सहाव्या पायरीवरची चौकट त्यांनी सात वेळा लिहिली होती, शब्द बदलून, क्रम बदलून, व्यापाऱ्याच्या ऑपरेटरला फोनवर वाचून दाखवून. सातव्या खेपेनंतर त्यांनी इंजिनिअरिंगकडे एक दोष नोंदवला : ही चौकट पुस्तिकेत आहे, कारण आज्ञा चालवण्यापूर्वी उत्पादन स्वतः बॅकअप घेत नाही. हा दोष सात महिने पडून राहिला. तो चौकट लिहिण्याआधी, त्या सोमवारच्या बैठकीतच नोंदवला गेला असता, तर माझ्या मते बरेच काही टळले असते. शेवटी एका रिलीजमध्ये ‘माहिती परत आणा’ हे एकच बटण आले, जे आधी सेवा थांबवते, ताजा बॅकअप घेते आणि मगच पुढे जाते. लेखिकेने ते चाचणी यंत्रावर तीनदा दाबून पाहिले, एकदा मध्येच वीज तोडून. मग 14 पायऱ्यांच्या पाच केल्या आणि ती चौकट स्वतःच्या हाताने काढून टाकली. गिटमध्ये त्या बदलापुढे त्यांचा शेरा आहे : “इशारा वगळला. पडद्याशी ताडून पाहिले.”